एनसी झाली, नवऱ्याला समज दिली, आणि मार वाढला. मग पोलिसांत जायचं का?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसनाच्या इमारतीत तुम्ही राहता आणि जवळच्या पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर, म्हणजे ठाण्याला जोडलेल्या स्थानिक बायकांच्या समितीवर, आहात. खालच्या मजल्यावरची बाई घरकाम करते, नवऱ्याचा मार खाते. समितीवर आहात म्हणून ती तुमच्याकडे आली. तुम्ही तिला बीट चौकीत नेलंत, तिथून पोलीस ठाण्यात पाठवलं, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली. नवऱ्याला बोलावून समज दिली आणि दोघांना घरी धाडलं. त्या रात्री त्याने तिला जास्त मारलं. मनगट सुजलंय. आता ती म्हणते पोलीस नको, सोसायटीतली वडीलधारी मंडळी म्हणतात बसून मिटवू. आणि तुम्ही विचारताय, पोलिसांत जाण्याचा बाईला खरंच उपयोग होतो का?

मी मुंबईत पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला कक्षात समुपदेशनाचं काम करते. मी पोलीस नाही, वकीलही नाही, पण दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून अशी प्रकरणं बघत आले आहे. उपयोग होतो का, याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. मार किती आणि कसा आहे, तिला संसार टिकवायचाय की बाहेर पडायचंय, माहेर किंवा बहीण जवळ आहे का, त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं. पण तुमच्या हकिकतीत मला अडचण वेगळीच दिसते. पोलीस ठाण्यात जायचं एवढं ठरलं होतं. तिथून काय घेऊन बाहेर यायचं आणि ती रात्र तिने कुठे काढायची, हे ठरलं नव्हतं. बहुतेक प्रकरणं इथेच बिघडतात.

आधी कागदाचं बघू. मुंबईत सगळेच "कंप्लेंट दिली" म्हणतात, पण त्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: नुसता लेखी अर्ज, स्टेशन डायरीतली नोंद, एनसी किंवा एफआयआर. एनसीच्या खाली बहुधा एक ओळ असते, फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याबाबत समज दिली. बायका हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि पोलीस आता नवऱ्याला उचलतील म्हणून वाट बघतात. पोलीस येत नाहीत, कारण अदखलपात्र गुन्ह्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्यांना करताच येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 174 हेच सांगतं, आणि जुन्या कायद्यातही तसंच होतं. तेव्हा साहेबांनी नवऱ्याला बोलावून दम दिला ती त्यांची माणुसकी. त्या दमाला कायद्याचं पाठबळ काही नव्हतं. नवरा मात्र त्या अर्ध्या तासात शिकला, की बायको पोलिसांत गेली तरी आपण रात्री जेवायला घरी असतो.

याचा अर्थ एनसी रद्दी असा नाही. तारीख लागते, नंबर लागतो. त्याच माणसावर दोन-तीन एनसी जमल्या की चॅप्टर केस करायला, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायला, पोलिसांकडे आधार तयार होतो. पुढे कोर्टात "हे एका दिवसाचं भांडण नव्हतं" हे दाखवायलाही तोच कागद लागतो. फक्त त्याच्याकडून अटकेची अपेक्षा ठेवू नये.

मग तिच्या बाबतीत एनसीच का झाली? तुम्ही तिथे नव्हतात, मीही नव्हते. पण ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर हे कसं घडतं ते मी अनेकदा पाहिलंय, एका दुसऱ्या बाईचं सांगते. तो विचारतो, काय झालं? ती म्हणते, मारतो. कधीपासून? रोजचंच आहे. आज काय झालं? आज भाजीत मीठ जास्त झालं. तो लिहितो, जेवणाच्या कारणावरून वाद होऊन पतीने शिवीगाळ व हाताने मारहाण केली. झाली एनसी. साधी मारहाण भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) मध्ये, शिवीगाळ 352 मध्ये, दोन्ही अदखलपात्र. खोटं कुणीच लिहिलं नाही. पण लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून चाललेला मार, गरोदरपणात पोटावर मारलेली लाथ, दर महिन्याला हिसकावलेला पगार, मागच्या पावसाळ्यात दाबलेला गळा, यातलं काही त्या कागदावर आलंच नाही. तिला कुणी विचारलं नाही, आणि हे सांगायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

हे सगळं आलं असतं तर कलम 85 चा विचार करावा लागला असता. हे म्हणजे आपलं जुनं 498अ, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत नव्या क्रमांकाने आलेलं. बाईचा जीव, अवयव किंवा शारीरिक-मानसिक आरोग्य धोक्यात येईल असं वागणं त्यात बसतं, पैशांसाठी केलेला छळही बसतो. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात, पण त्यात तुमच्यासारख्या शेजारणीला माहीत असावी अशी एक मेख आहे. माहिती त्या बाईने स्वतः किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसाने (असं कुणीच नसेल तर सरकारने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने) दिली तरच तो दखलपात्र ठरतो. तुम्ही कितीही तळमळीने सांगितलंत तरी तुमच्या सांगण्यावर 85 चा गुन्हा दाखल होत नाही. तिची बहीण नालासोपाऱ्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. ती बहीण तक्रार देऊ शकते.

आता मनगट. याला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण तुमच्या पत्रात ते एका ओळीत उरकलंय. हाड मोडलं किंवा निखळलं, दात तुटला, तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते आणि गुन्हा थेट दखलपात्र होतो, कलम 117(2). म्हणजे एनसी की एफआयआर हा फैसला कधीकधी एका एक्स-रेवर अडलेला असतो, आणि तो एक्स-रे कुणी काढलेलाच नसतो. "सूज आहे, बाम लाव" म्हणून आठवडा जातो. तसंच गरम तव्याचा चटका, अंगावर फेकलेला उकळता चहा. गरम पदार्थाने केलेली इजा 118 मध्ये स्वतंत्रपणे नमूद आहे आणि ती दखलपात्र आहे. बाई सांगते "थोडं भाजलं", लिहिणारा लिहितो "किरकोळ".

म्हणून तिला आजच्या आज पालिकेच्या रुग्णालयात न्या. पोलिसांचं पत्र आणा मग तपासू असं कुणी म्हणालं तर थांबू नका. उपचार आधी, पोलिसांना कळवण्याचं काम रुग्णालयाचं. केस पेपरवर काय लिहिलं जातंय ते बघा. बहुतेक बायका डॉक्टरला सांगतात बाथरूममध्ये घसरले, कारण नवरा पडद्यापलीकडे उभा असतो किंवा सोबत आलेली सासू उत्तर देत असते. डॉक्टर तसंच लिहितो. दोन वर्षांनी तोच केस पेपर समोरचा वकील कोर्टात वर करतो. तेव्हा तिच्यासोबत आत जा आणि बाकीच्यांना बाहेर बसवा. तिने इतकंच म्हणावं, अमुक तारखेला, अमुक वाजता नवऱ्याने अमक्या वस्तूने मारलं. केस पेपरचा फोटो काढून बहिणीला पाठवा. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात आरोग्यावर काम करणारी सेहत संस्था आणि पालिकेने 2000 साली दिलासा केंद्र, म्हणजे मार खाणाऱ्या बायकांसाठी समुपदेशन केंद्र, सुरू केलं. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं झाली. केस पेपर काढतानाच विचारा, दिलासा आहे का. तिथल्या समुपदेशक डॉक्टर आणि पोलीस दोघांशी बोलतात, तुमचं निम्मं काम हलकं होतं.

आणि गळा दाबला होता का, हे तिला एकटीला गाठून विचारा. बायका आपण होऊन सांगत नाहीत, कारण वळ दिसत नाही. मला मात्र थपडांपेक्षा त्याची भीती जास्त वाटते. गळ्यापर्यंत हात गेलेल्या घरात जीव जाण्याचा धोका फार वाढलेला असतो. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय असं ती म्हणाली तर ते डॉक्टरला सांगायचं आणि जबाबातही आणायचं.

पोलिसांची बाजूही सांगते, नाहीतर हे एकतर्फी होईल. ड्युटी ऑफिसरच्या मागे बंदोबस्त असतो, मोर्चा असतो, मोबाइलचोरीची रांग असते. त्याने अशा दहा बायकांची फिर्याद लिहिलेली असते, आणि त्यातल्या कित्येक आठवड्याने येऊन "साहेब, मागे घ्यायचंय" म्हणालेल्या असतात. त्यामुळे त्याच्या तोंडी "आपसात मिटवा" पटकन येतं. बाई मागे का घेते हे त्याला बघायला मिळत नाही. खोलीचं भाडं कोण देणार, मुलाच्या शाळेत बापाची सही लागते, सासर गावाकडे बदनामी करेल, ही गणितं ती ठाण्याबाहेर करत असते. याच कारणासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी पहिला विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या छताखालीच बसेल, म्हणजे बाईला दोन दारं फिरावी लागणार नाहीत, अशी ती कल्पना. तुमच्या भागात असा कक्ष कुठे आहे ते ठाण्यात विचारा. तिथे गेल्याने फिर्याद देण्याचा हक्क जात नाही. "आधी समुपदेशन, मग बघू" असं कुणी अडवलं तर हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या समितीकडे येते. इथे माझं मत थोडं कडक आहे, मोहल्ला समित्यांचं उदाहरण घेऊन सांगते. मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ 1992-93 च्या दंगलींनंतर उभी राहिली. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. दोन वस्त्यांना समोरासमोर बसवून अफवा आणि राग खाली आणणं हे तिचं काम, आणि ते तिने चोख केलं. पण ती पद्धत घरातल्या मारहाणीला तशीच लावता येत नाही. दंगलीत दोन्ही बाजूंना आपापली वस्ती असते, आपली माणसं असतात. इथे एका बाजूकडे खोलीची चावी, पैसा आणि मनगट, दुसरीकडे काहीच नाही. अशा बैठकीत बाई नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर काय बोलणार? ती म्हणते "माझंही चुकतं थोडं". सगळ्यांना बरं वाटतं, चहा होतो. बैठकीत ती जे बोलली त्याचा हिशेब घरी दार लावल्यावर होतो.

समितीने निवाडा करायला बसू नये. सोबत जावं, साक्षीदार व्हावं, फोन करावा, दाराची बेल वाजवावी. तुमचं ओळखपत्र आणि ठाण्यातली ओळख यासाठी फार कामाची आहे, कारण एकटी आलेली बाई बाकड्यावर दोन तास बसते आणि समितीच्या ताई सोबत असल्या की दहा मिनिटांत आत बोलावतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आहे हे असं आहे. बलात्काराचं किंवा अल्पवयीन मुलाच्या लैंगिक छळाचं प्रकरण असेल तर बसून मिटवण्याचा विषयच नाही. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. बलात्कारातल्या बाईचं नाव समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हाही गुन्हा आहे. हसू नका, मी असे ग्रुप पाहिलेत.

ती "पोलीस नको" म्हणते, त्याचं काय? तिचं ऐका. सज्ञान बाईला ओढत ठाण्यात नेऊ नये. पण नीट विचारा, तिला नको काय आहे? नवऱ्याला तुरुंग नको, की त्या टेबलासमोर पुन्हा उभं राहणं नको, की तो मार खाऊन पुन्हा त्याच घरात झोपणं नको? माझा अनुभव असा की बहुतेकींना शेवटचं नको असतं, आणि त्यासाठी दुसरी वाट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात नवऱ्याला अटक न करता मॅजिस्ट्रेट संरक्षण आदेश देऊ शकतो, त्याच घरात राहण्याचा हक्क राखू शकतो, खर्चाची रक्कम ठरवू शकतो. खोली भाड्याची असली, करार त्याच्या नावावर असला तरी "घर माझं आहे, निघ" असं त्याला म्हणता येत नाही. तातडी असेल तर त्याची बाजू ऐकण्याआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो. हा आदेश मोडला तर मात्र तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. पोलिसांच्या तोंडी समजेत जो दम नव्हता तो इथे कागदावर येतो.

आणि यात तुम्हाला स्वतःला जागा आहे. हिंसा होतेय असं वाटणारा कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होऊ शकत नाही, असं या कायद्याचं कलम 4 म्हणतं. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. तिथे जो घटनेचा अहवाल भरला जातो तोही असाच भरा, तारखा आणि वस्तूंसकट. "मानसिक व शारीरिक छळ" एवढंच लिहिलेले अहवाल मी पुष्कळ वाचलेत, त्यातून मॅजिस्ट्रेटला काही दिसत नाही.

ती पुन्हा ठाण्यात जायला तयार झाली तर या वेळी आधी तिच्याशी बसून एका वहीत तिच्या तोंडची हकिकत उतरवा. पहिली मारहाण, सगळ्यात वाईट मारहाण, शेवटची मारहाण. या तीन आल्या की मधलं आपोआप येतं. ती हिंदी बोलते आणि कागद मराठीत होतो, म्हणून सही करण्याआधी तो तिला समजेल असा वाचून दाखवायला सांगा, तो तिचा हक्क आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती बहिणीकडे नालासोपाऱ्याला गेली तर तिथल्या ठाण्यातही फिर्याद देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. माहेरी किंवा आसऱ्याला गेलेल्या बाईला तिथे 498अ ची तक्रार देता येते असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. फिर्याद घेतलीच नाही तर वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथेही हललं नाही तर एसीपी, मग परिमंडळाचे डीसीपी, शेवटी मॅजिस्ट्रेट. पण तेवढं क्वचित लागतं. पोच मागितली की सहसा काम पुढे सरकतं.

त्या रात्रीचं ठरवल्याशिवाय मात्र नवऱ्याला ठाण्यात बोलावू देऊ नका. तिने तसं साहेबांना सांगावं, बोलावायचं असेल तर मला आधी सांगा, मी त्या दिवशी घरी नसेन. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि थोडे पैसे तुमच्या किंवा ती काम करते त्या घरच्या बाईंकडे आधीच ठेवा. फोनमध्ये 112 आणि महिलांसाठीचा 103 घालून द्या, पण बहिणीच्या नावाने सेव्ह करा, नवरा फोन तपासतो. मारहाण चालू असताना मात्र फोन तुम्ही करायचा, त्यासाठी तिची परवानगी विचारत बसायचं नाही. गाडी आली की दारात उभ्या राहा आणि काय ऐकलंत ते तुमच्या नावाने सांगा.

शेवटचं, तिच्या कामाचं. घरकाम करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे एका घरचे पैसे कापले जातात, आणि कोर्ट-कचेरी म्हणजे खाडेच खाडे. बरीच प्रकरणं नवऱ्याच्या धाकापेक्षा याने जास्त बंद पडतात. वकिलाची फी तरी वाचवता येईल, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बायकांना उत्पन्न न बघता फुकट मिळतो, आणि प्रत्येक मॅजिस्ट्रेट कोर्टात त्यांची सोय असते. ती कामाला जाते त्या घरांपैकी एखादीला विश्वासात घेता येईल का ते तिला विचारा, म्हणजे तारखेच्या दिवशी सुट्टी मिळेल. पहिल्या तारखेला तुम्ही सोबत जा, दुसऱ्या तारखेला समितीतली दुसरी कुणी. सगळ्या तारखा एकीनेच धरायच्या ठरवल्यात तर तिसऱ्या महिन्यात तुम्हालाही जमणार नाही.